एक ग्रॅम साखरेला किती पेशी? ई. कोलायचा ‘उतारा’ मोजण्याची पद्धत

साखर कारखान्यात शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली यावर उतारा ठरतो. जिवाणूंच्या बाबतीत हिशेब उलटा मांडायचा. साखर आपण द्यायची आणि तिच्यातून किती पेशी उभ्या राहिल्या ते मोजायचे. ई. कोलाय या आतड्यात राहणाऱ्या जिवाणूला भरपूर ऑक्सिजन मिळाला, तर एक ग्रॅम ग्लुकोजमागे साधारण ०.४ ते ०.५ ग्रॅम कोरड्या वजनाच्या पेशी तयार होतात. ऑक्सिजन नसेल तर उतारा जेमतेम एक तृतीयांशावर येतो. पेशी अन्नातली ऊर्जा किती काटकसरीने वापरते, हे या एका आकड्यावरून कळते.

आकडा काढणे फारसे अवघड नाही. वाढ थांबली ती ग्लुकोज संपले म्हणूनच, नायट्रोजन, लोह किंवा ऑक्सिजन कमी पडल्यामुळे नाही, हे सिद्ध करणे मात्र अवघड आहे. ते सिद्ध झाले नाही तर आलेल्या आकड्याला उतारा म्हणता येत नाही. म्हणून खालच्या पद्धतीतला बराचसा खटाटोप पुराव्यासाठी आहे.

एलबी, म्हणजे जिवाणू वाढवण्याच्या नेहमीच्या समृद्ध द्रव माध्यमात, हा प्रयोग करू नका. त्यात पेशी मुख्यतः अमिनो आम्लांवर वाढतात. त्यांतले कोणते किती खाल्ले याचा हिशेब लागत नाही, आणि भागाकारात खाली कोणता आकडा घालायचा हेच ठरत नाही. कार्बन आणि ऊर्जा दोन्ही एकाच ज्ञात पदार्थातून मिळतील असे माध्यम हवे. ई. कोलायसाठी ते म्हणजे एम९ हे क्षारांचे साधे माध्यम आणि ग्लुकोज.

कोणता स्ट्रेन

के-१२ या प्रयोगशाळेतल्या कुळातला, फारसे फेरफार न झालेला स्ट्रेन (वाण) घ्या, उदाहरणार्थ एमजी१६५५ किंवा डब्ल्यू३११०. क्लोनिंगसाठी फ्रीजरमध्ये पडून असलेला डीएच५अल्फा घ्यायचा मोह टाळा. त्याला थायमिन बाहेरून द्यावे लागते, आणि एम९मध्ये तो रडतखडत वाढतो. पुण्यात एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारात एनसीआयएम हा औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, चंडीगडला एमटीसीसी हा सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे. तिथून ओळख पटलेले कल्चर (वाढवलेले जिवाणू) मागवता येते. कुठल्या तरी ट्यूबवर ‘ई. कोलाय’ एवढेच लिहिलेले असेल तर त्यावर आठवडाभराची मेहनत लावू नये.

माध्यम

अंतिम १ लिटरसाठी क्षार ९४० मिली पाण्यात करायचे. उरलेले ६० मिली ग्लुकोज, पाणी आणि इनॉक्युलमसाठी (पेरायच्या पेशींसाठी) राखून ठेवायचे.

डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट, निर्जल: ६.८ ग्रॅम
पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट: ३.० ग्रॅम
सोडियम क्लोराइड: ०.५ ग्रॅम
अमोनियम क्लोराइड: १.० ग्रॅम

बाटलीवरचे लेबल नीट वाचा. डायसोडियम फॉस्फेट चार रूपांत मिळते. निर्जल असेल तर ६.८ ग्रॅम, दोन पाण्याचे असेल तर ८.५, सात पाण्याचे १२.८ आणि बारा पाण्याचे १७.१ ग्रॅम लागते. पुस्तकात १२.८ लिहिलेले असते ते सात पाण्याच्या रूपासाठी. तेवढेच निर्जल घातले तर माध्यम भलतेच खारट आणि अल्कधर्मी होते.

क्षार विरघळले की १२१ अंशांवर, १५ पौंड दाबाखाली २० मिनिटे ऑटोक्लेव्ह करा, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करा. पूर्ण थंड झाल्यावर वेगळे निर्जंतुक केलेले १ मोलर मॅग्नेशियम सल्फेट २ मिली घाला. मग ०.१ मोलर कॅल्शियम क्लोराइड १ मिली, थेंबाथेंबाने, ढवळत ढवळत घाला. सगळे एकत्र ऑटोक्लेव्ह केले तर फॉस्फेटबरोबर पांढरा साका बसतो. तो ओडीमध्ये (पेशी किती आहेत हे सांगणाऱ्या गढूळपणाच्या मापात) पेशी म्हणून मोजला जातो, शिवाय मॅग्नेशियम कमी पडते ते वेगळेच.

मूळ एम९मध्ये लोह नाही. जुन्या प्रयोगशाळांत पाण्यातल्या आणि रसायनांतल्या अशुद्धीवर काम भागायचे. पाणी जितके शुद्ध तितका हा आधार जातो. ०.१ मोलर फेरिक क्लोराइड थोड्या सायट्रिक आम्लासह करून, गाळून निर्जंतुक करा आणि लिटरला ०.१ मिली घाला. जस्त, मँगनीज, तांबे, कोबाल्ट यांचे ट्रेस द्रावण असेल तर तेही घाला.

ग्लुकोज

इथे एका शब्दामुळे नऊ टक्के चूक होते. ‘डेक्स्ट्रोज’ म्हणून मिळणारी पूड बहुधा मोनोहायड्रेट असते. तिचे रेणुभार १९८.१७, निर्जल ग्लुकोजचे १८०.१६. मोनोहायड्रेटला निर्जल समजून १ ग्रॅम तोलले तर प्रत्यक्षात ०.९१ ग्रॅमच ग्लुकोज जाते, आणि ०.४५ चा उतारा ०.४१ दिसतो. दोष मात्र बिचाऱ्या जिवाणूंवर येतो.

लिटरला २० ग्रॅम निर्जल ग्लुकोज, म्हणजे २ टक्के स्टॉक करा आणि ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. ऑटोक्लेव्ह करायचेच असेल तर क्षारांपासून वेगळे करा. अमोनियम आणि फॉस्फेटबरोबर तापवले की ग्लुकोज पिवळट पडते, आणि किती साखर उरली ते सांगता येत नाही.

नेहमीच्या कृतीत ०.४ टक्के, म्हणजे लिटरला ४ ग्रॅम ग्लुकोज घालतात. पेशी वाढवायला ते ठीक आहे, पण उतारा मोजायला तोच सापळा ठरतो. १ ग्रॅम अमोनियम क्लोराइडमध्ये ०.२६ ग्रॅम नायट्रोजन असतो. ४ ग्रॅम ग्लुकोजवर सुमारे १.८ ग्रॅम पेशी होतात आणि त्यांच्या वजनात १२ ते १४ टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे ०.२२ ते ०.२५ ग्रॅम त्यातच गेला. आता साखर संपली की नायट्रोजन, हे कोण सांगणार? त्याच्या आधीच ऑक्सिजन अपुरा पडतो. म्हणून १ ग्रॅमच्या वर जाऊ नका.

ऑक्सिजनचा हिशेब आधी कागदावर

ग्लुकोजच्या एका मोलमध्ये ऑक्सिडेशनसाठी २४ मोल इलेक्ट्रॉन असतात, म्हणजे ग्रॅमला १३३ मिलिमोल. पेशीचे सरासरी सूत्र मांडले तर एका कार्बनमागे १.८ हायड्रोजन, ०.५ ऑक्सिजन आणि ०.२ नायट्रोजन येतात. त्याचे वजन २४.६ आणि त्यात ४.२ इलेक्ट्रॉन. कोरड्या पेशींत ८ टक्के राख धरली, तर ०.४५ ग्रॅम पेशींत ०.४१४ ग्रॅम सेंद्रिय भाग आणि सुमारे ७१ मिलिमोल इलेक्ट्रॉन असतात. बाकीचे ६२ ऑक्सिजनकडे जातात. एका ऑक्सिजन रेणूला चार इलेक्ट्रॉन, म्हणजे प्रत्येक ग्रॅम ग्लुकोजमागे साडेपंधरा मिलिमोल, साधारण अर्धा ग्रॅम ऑक्सिजन लागतो.

३७ अंशांवर हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात लिटरला जेमतेम ०.२ मिलिमोल ऑक्सिजन विरघळतो. गरज त्याच्या पाऊणशे पट, म्हणून तो सतत आत यायला हवा. वाढीचा दर तासाला ०.६५ धरला आणि शेवटी लिटरला ०.४ ग्रॅम पेशी असल्या, तर तासाला जवळजवळ ९ मिलिमोल ऑक्सिजन लागतो. याचा अर्थ शेकर थांबवला की विरघळलेला साठा दीड मिनिटाच्या आत संपतो! एक शेकर बंद करून अठरा फ्लास्कांचे सॅम्पल निवांत काढत बसलात, तर तेवढ्या वेळात पेशी किण्वनाकडे (ऑक्सिजनविना साखर मोडण्याकडे) वळतात आणि ॲसिटेट, फॉर्मेट अशी आम्ले बाहेर टाकतात. वीज गेली तर त्या दिवसाचा डेटा बाजूला ठेवायचा, त्यावर वाद घालायचा नाही.

म्हणून २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये ५० मिलीच माध्यम, २०० फेरे प्रतिमिनिट, आणि शक्य असल्यास तळाला खाचा असलेले फ्लास्क. कापसाचा बोळा भिजला की हवा अडते, तो लगेच बदला.

मुख्य प्रयोग: सहा पातळ्या, एक रेषा

१९४२मध्ये जाक मोनो या जीवशास्त्रज्ञाने पॅरिसमध्ये जिवाणूंच्या वाढीवरचा प्रबंध प्रसिद्ध केला. मर्यादित साखर जितकी द्याल त्या प्रमाणात पीक येते, ही त्यातली मूळ गोष्ट. एकाच सांद्रतेवर एकच आकडा काढण्याऐवजी रेषा काढण्याचा फायदा तिथूनच कळतो. रेषेचा उतार म्हणजे आपला उतारा. इनॉक्युलमबरोबर आलेल्या पेशी आणि ब्लँकची (पेशी नसलेल्या माध्यमाच्या वाचनाची) चूक रेषेच्या छेदात जमा होते, उताराला धक्का लागत नाही.

१. आदल्या रात्री एम९ आणि लिटरला १ ग्रॅम ग्लुकोज यात कल्चर लावा. सकाळी त्याच माध्यमात पातळ करून पुन्हा वाढवा आणि ओडी ०.५ ते ०.६ असताना उचला. एलबीमधून थेट येऊ नका. पेशी एलबीतले साठे बरोबर घेऊन येतात आणि नव्या माध्यमाची सवय व्हायला वेळही लागतो.

२. सेंट्रिफ्यूज करून साखर नसलेल्या एम९ने एकदा धुवा आणि मूळ आकारमानात परत मिसळा.

३. प्रत्येक फ्लास्कमध्ये ४७ मिली माध्यम घ्या. २ टक्के ग्लुकोज ०, ०.५, १.०, १.५, २.० आणि २.५ मिली घाला, आणि निर्जंतुक पाण्याने ही भर प्रत्येक ठिकाणी २.५ मिलीपर्यंत न्या. मग ०.५ मिली इनॉक्युलम. एकूण ५० मिली. ग्लुकोज लिटरला ०, ०.२, ०.४, ०.६, ०.८ आणि १.० ग्रॅम झाले. प्रत्येक पातळीचे तीन फ्लास्क.

४. प्रत्येक फ्लास्कचे वजन करून ठेवा. ३७ अंशांवर हलवत ठेवलेल्या फ्लास्कमधून पाणी उडते. शेवटी किती वजन घटले ते पाहा, त्यातून काढलेले सॅम्पल वजा करा आणि सांद्रता दुरुस्त करा. कोरड्या हवेत ही दुरुस्ती काही टक्क्यांची होते.

५. सुरुवातीचा ओडी ०.००६च्या आसपास असतो. १ ग्रॅमच्या फ्लास्कला सुमारे १.२पर्यंत पोचायला आठ-नऊ तास लागतात, ०.२च्या फ्लास्कला साडेपाच-सहा. सकाळी नऊला लावले तर खरी धावपळ दुपारी तीननंतर सुरू होते, हे जेवणाची वेळ ठरवताना लक्षात असू द्या.

६. अर्ध्या तासाच्या अंतराने घेतलेली दोन वाचने सारखी आली की वाढ थांबली. तो ओडी नोंदवा आणि सॅम्पल गाळून ग्लुकोजसाठी ठेवा.

शून्य ग्लुकोजचा फ्लास्क वगळायचा नाही. त्यात वाढ दिसली तर माध्यमात कुठून तरी कार्बन येतोय. न धुतलेले इनॉक्युलम, साबणाचा अंश राहिलेली काच किंवा पिपेटमधून आलेला दुसराच जिवाणू, अशी कारणे असू शकतात.

आलेखावर सहाही बिंदू सरळ रेषेत हवेत. वरचे एक-दोन बिंदू खाली वाकले तर तिथे ग्लुकोजखेरीज दुसरे काही संपले, बहुधा ऑक्सिजन. त्या वेळी पुन्हा १ ग्रॅमचे दोन फ्लास्क लावा, एकात ५० आणि दुसऱ्यात २५ मिली. २५ मिलीमध्ये उतारा सुधारला तर ऑक्सिजनच दोषी. काहीच फरक नसेल तर एका फ्लास्कला दुप्पट अमोनियम आणि दुसऱ्याला दुप्पट ट्रेस देऊन बघा. आणि वाढ थांबलेल्या फ्लास्कमध्ये थोडे ग्लुकोज परत घातल्यावर ओडी लगेच चढला, तर साखरच संपली होती याचा याहून सरळ पुरावा नाही.

ओडी म्हणजे वजन नव्हे

६०० नॅनोमीटरला ओडी ०.४च्या वर गेला की सरळ रेषेत राहत नाही. पातळ करा, पण पाण्याने नाही, साखर नसलेल्या एम९ने. पाण्यात पेशी फुगतात आणि प्रकाश वेगळा विखुरतात. ई. कोलायसाठी ओडी १ म्हणजे लिटरला ०.३ ते ०.४ ग्रॅम कोरडे वजन असे धरतात, पण एवढ्या सैल आकड्यावर उतारा काढला तर सगळी मेहनत वाया. प्रत्येक स्पेक्ट्रोफोटोमीटरचा प्रकाश गोळा करण्याचा कोन वेगळा असतो. आपल्या यंत्राचा गुणक आपणच काढायचा, आणि पेशींचा आकार वाढीच्या दरानुसार बदलतो म्हणून तो त्याच माध्यमातल्या पेशींवर काढायचा.

त्यासाठी ५०० मिलीच्या चार फ्लास्कांत १००-१०० मिली, १ ग्रॅम ग्लुकोजवर वाढवा. तीन फ्लास्क वजनासाठी, चौथा आयत्या वेळी हाताशी असावा म्हणून. १०० मिलीमधून साधारण ४५ मिलिग्रॅम पेशी मिळतात. चार दशांशी तराजूवर ०.२ मिलिग्रॅमची चूक झाली तरी ती अर्ध्या टक्क्याच्या आतच राहते. पाच-दहा मिलीच्या कल्चरवर कोरडे वजन करणाऱ्यांना हा हिशेब एकदा दाखवावा.

ॲल्युमिनियम फॉइलच्या लहान वाट्या १०५ अंशांवर दोन तास ठेवून, डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) थंड करून तोला. कल्चर दोन ट्यूबांत वाटून ४ अंशांवर ५,००० गुरुत्वाला १५ मिनिटे सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा. वरच्या द्रवाचा ओडी पाहा. तो मूळच्या एक टक्क्याहून जास्त असेल तर पेशी वाहून चालल्या आहेत, वेळ वाढवा.

आता क्षारांचे बघा. या माध्यमात लिटरला ११ ग्रॅमहून अधिक क्षार आहेत. दोन ट्यूबांच्या गाळात मिळून १ मिली द्रव राहिला तरी त्यात ११ मिलिग्रॅम क्षार, म्हणजे पेशींच्या वजनाचा चौथा हिस्सा! न धुता वाळवले तर उतारा ०.४५ऐवजी ०.५६ दिसतो आणि माणूस खूश होतो. सलाइनने धुतले तर फॉस्फेटऐवजी मीठ तोलले जाते. म्हणून दोन्ही गाळ एकत्र करून २० मिली बर्फाळ डिस्टिल्ड पाण्यात मिसळा, फिरवा आणि पुन्हा एकदा तसेच करा. पहिल्या धुण्यानंतर गाळाबरोबर अर्धा मिली राहिला तर क्षार पाव मिलिग्रॅमच्या आसपास येतात, दुसऱ्यानंतर नगण्य. डिस्टिल्ड पाण्यात पेशींतून थोडे पोटॅशियम आणि लहान रेणू पाझरतात. त्यामुळे काम थंड आणि झटपट हवे, गाळ पाण्यात तसाच ठेवून चहाला जायचे नाही.

शेवटचा गाळ दोन-तीन मिली पाण्यात मिसळून वाटीत ओता, ट्यूब थोड्या पाण्याने विसळून तेही ओता. १०५ अंशांवर रात्रभर. डेसिकेटरमध्ये थंड करून तोला, पुन्हा दोन तास ओव्हनमध्ये ठेवून परत तोला. फरक ०.२ मिलिग्रॅमच्या आत आला की थांबा. वाळलेल्या पेशी पाणी ओढतात. पावसाळ्यात पुण्यात किंवा कोकणात तराजूचे दार उघडे राहिले तर आकडा डोळ्यांदेखत वर सरकतो. निळे सिलिका जेल गुलाबी पडले असेल तर आधी ते तापवून घ्या. सोबत एक रिकामी वाटी सगळ्या टप्प्यांतून न्यावी आणि तिचे वजन जेवढे बदलेल तेवढे बाकीच्यांतून वजा करावे.

उरलेले ग्लुकोज

पॅथॉलॉजीत रक्तातली साखर मोजायला वापरतात तो जीओडी-पीओडी हा एन्झाइमचा किट इथे उत्तम चालतो. त्यातला डेसिलिटरला १०० मिलिग्रॅमचा स्टँडर्ड म्हणजे बरोबर लिटरला १ ग्रॅम. शेवटच्या सॅम्पलमध्ये साखर फार कमी असते, तेव्हा सॅम्पल दहापट घ्या आणि स्टँडर्ड त्याच हिशेबाने पातळ करा. डीएनएसए ही साखर मोजण्याची रासायनिक पद्धत स्वस्त आहे, पण लिटरला ०.०५ ग्रॅमसारख्या पातळीवर तिच्यावर विसंबू नये.

वाढ चालू असताना सॅम्पल काढले तर ते ताबडतोब ०.२२ मायक्रॉनमधून गाळा. लिटरला ०.४ ग्रॅम पेशी मिनिटाला जवळजवळ १० मिलिग्रॅम ग्लुकोज खातात. बाकावर दहा मिनिटे राहिलेल्या ट्यूबमधून लिटरला १०० मिलिग्रॅम गेलेच म्हणून समजा.

सांडलेले ॲसिटेट

ऑक्सिजन भरपूर असला तरी ई. कोलाय भरभर वाढताना काही ग्लुकोज ॲसिटेट म्हणून बाहेर टाकतो. ग्लुकोज संपल्यावर तेच ॲसिटेट परत आत घेऊन थोडा वाढतो. त्यामुळे ग्लुकोज संपताक्षणी मोजलेला उतारा आणि तीन तासांनी मोजलेला उतारा वेगळे येतात, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. दोन्ही नोंदवा. निव्वळ ‘उतारा ०.४३’ असे लिहिले तर वाचणाऱ्याला काही कळत नाही.

ॲसिटेट एचपीएलसीवर (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) किंवा एन्झाइम किटने मोजा. पीएचवरून अंदाज बांधू नका. ७० मिलिमोलर फॉस्फेट बफर तो उतरू देत नाही, आणि जो थोडा उतरतो त्यात अमोनियम खाल्ल्याचाही वाटा असतो. ॲसिटेटच्या एका मोलमध्ये ८ इलेक्ट्रॉन असतात. लिटरला २ मिलिमोल उरले तर १६ मिलिमोल इलेक्ट्रॉन, म्हणजे दिलेल्या १३३ पैकी १२ टक्के, माध्यमातच राहिले.

याच इलेक्ट्रॉनांच्या हिशेबातून ऊर्जेची कार्यक्षमता निघते. ०.४५ उतारा आला तर १३३ पैकी ७१, म्हणजे सुमारे ५३ टक्के पेशीत गेले. उतारा ०.५५च्या वर आला तर आधी क्षार, ओलावा आणि न धुतलेले इनॉक्युलम तपासा. ०.३५च्या खाली आला तर ॲसिटेट, ऑक्सिजन, मोनोहायड्रेट आणि सेंट्रिफ्यूजमध्ये गेलेल्या पेशी.

निर्वाह खर्च: त्यासाठी केमोस्टॅट

पेशी वाढत नसली तरी तिचा रोजचा खर्च असतो. आयनांचे असमतोल टिकवायचे, मोडलेली प्रथिने पुन्हा बांधायची. १९६५मध्ये सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ पर्टने हा खर्च समीकरणात मांडला:

ग्लुकोज खाण्याचा दर = वाढीचा दर ÷ खरा उतारा + निर्वाह खर्च

शेक फ्लास्कमध्ये वाढीचा दर आपल्या हातात नसतो, म्हणून हा खर्च वेगळा काढता येत नाही. १९५०मध्ये मोनोने, आणि स्वतंत्रपणे नोविक व झिलार्ड यांनी मांडलेल्या केमोस्टॅटमध्ये तो हातात येतो. जितके माध्यम आत तितकेच कल्चर बाहेर, आणि समतोलात वाढीचा दर विरलन दराइतका. १ लिटरच्या भांड्यात तासाला १०० मिली सोडले तर दर ०.१.

दर ०.०५, ०.१, ०.२ आणि ०.३ असे चार तरी घ्या. प्रत्येक वेळी किमान पाच आकारमाने बदलू द्या. ०.१ला म्हणजे ५० तास आणि ५ लिटर माध्यम, ०.०५ला १०० तास. पंपाच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका, पेरिस्टाल्टिक पंपाची नळी दिवसागणिक ढिली होते. बाहेर येणारा द्रव तासभर जमा करून तोला.

हिशेब कसा दिसतो ते पाहण्यासाठी सोयीचे आकडे घेऊ. खरा उतारा ०.५ आणि निर्वाह खर्च तासाला ग्रॅममागे ०.०५ ग्रॅम असेल, तर ०.०५ दरावर मोजलेला उतारा ०.३३ येईल, ०.१वर ०.४०, ०.२वर ०.४४ आणि ०.४वर ०.४७. हळू वाढणारी पेशी उधळी दिसते, कारण तोच खर्च कमी पिकावर पडतो. संथ कल्चरचा उतारा फ्लास्कमधल्या कल्चरशी थेट ताडून पाहणे म्हणूनच चूक.

आलेख काढताना उभ्या अक्षावर ग्लुकोज खाण्याचा दर आणि आडव्यावर विरलन दर घ्या. उतार म्हणजे खऱ्या उताऱ्याचा व्यस्त, छेद म्हणजे निर्वाह खर्च. दोन्ही बाजूंचे व्यस्त घेऊन काढलेला आलेख पुस्तकांत देखणा दिसतो, पण सर्वांत कमी दराच्या, म्हणजे सर्वांत डळमळीत बिंदूला तो सर्वांत जास्त वजन देतो. वरच्या टोकाला ॲसिटेट सांडू लागले की रेषा वाकते, ते बिंदू सोडून द्या.

केमोस्टॅट बिघडतो तो बहुतेक तीन ठिकाणी. भांड्याच्या भिंतीला थर धरतो आणि बाहेर धुतल्या न गेलेल्या पेशी गणित बिघडवतात. फीडच्या नळीतून जिवाणू उलटे चढून साठ्याच्या बाटलीत पोचतात, तेव्हा थेंब तुटून पडेल असा काचेचा भाग मध्ये बसवा. आणि आठवड्याहून अधिक चालवले तर ग्लुकोज ओढून घेण्यात तरबेज उत्परिवर्ती मूळ कल्चरला हुसकावतात. प्रत्येक नवा दर ताज्या इनॉक्युलमने सुरू केला तर काम वाढते, पण आकडे एकमेकांशी भांडत नाहीत.

एटीपीपर्यंत जायचे असेल तर

श्वसन करणाऱ्या पेशीत एका ग्लुकोजमागे किती एटीपी (पेशीचे ऊर्जेचे चलन) झाले हे नक्की सांगता येत नाही. बॉचॉप आणि एल्स्डेन यांनी १९६०मध्ये म्हणूनच किण्वनावर जगणारे जीव घेतले. त्या वेळी स्ट्रेप्टोकोकस फीकॅलिस म्हणत तो आताचा एंटेरोकोकस, यीस्ट, आणि आता झायमोमोनास म्हणून ओळखला जाणारा जिवाणू. पहिल्या दोघांना एका ग्लुकोजमागे दोन एटीपी मिळतात, तिसऱ्याला एकच. त्यांचा उतारा ग्लुकोजच्या मोलमागे अनुक्रमे वीस-बावीस ग्रॅम आणि आठ ग्रॅमच्या आसपास आला. एटीपीने भागल्यावर साधारण १०.५ ग्रॅम प्रतिमोल हा आकडा प्रसिद्ध झाला. ग्लुकोज आणि क्षारांपासून पेशी बांधण्याचा निव्वळ कागदोपत्री खर्च स्टाउथामरने १९७३मध्ये मांडला, त्यातून एटीपीच्या मोलमागे जवळजवळ २९ ग्रॅम यायला हवेत. मधल्या दरीतले काही निर्वाहात जाते, काही वाया जाते.

एंटेरोकोकस घ्यायचा तर जैवसुरक्षा स्तर २ची व्यवस्था हवी, के-१२सारखे उघड्या बाकावर चालणार नाही. त्याला अमिनो आम्लांचे समृद्ध माध्यम लागते. त्यातले आर्जिनिन तो एटीपीसाठी वापरू शकतो, म्हणून बिनग्लुकोजचे ब्लँक इथे ई. कोलायपेक्षाही जास्त महत्त्वाचे. शेवटी लॅक्टेट मोजा. एका ग्लुकोजमागे दोनच्या जवळ आले तर दोन एटीपीचा हिशेब टिकतो. ते कमी पडून फॉर्मेट, ॲसिटेट आणि इथेनॉल दिसू लागले तर पेशी मिश्र किण्वनावर गेली आहे. तिथे ग्लुकोजमागे तीन एटीपी मिळतात, आणि दोनने भागून काढलेला आकडा दीडपट फुगलेला असतो.